प्लास्टिकबंदी, महाराष्ट्रातील

एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक व थर्मोकोल वस्तूंचे उत्पादन, विक्री, वाहतूक, साठवण आणि वापर यांवर राज्य शासनाने घातलेली बंदी. अविघटनशील कचरा नियंत्रणाच्या २००६ च्या राज्य कायद्याखाली तिची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली. जुना साठा संपवण्यास तीन महिने मिळाले व २३ जूनपासून दंडवसुली सुरू झाली.

बंदीचे मूळ २६ जुलै २००५ च्या प्रलयात आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांवर ठपका आला. मिठी नदीच्या पात्रातली भर आणि बांधकामेही तितकीच दोषी होती, हे विसरू नये. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या जाडीला एवढे महत्त्व का, हे कचरावेचक बाईला विचारावे. भंगारवाला माल किलोवर घेतो. पातळ पिशव्या शेकड्यांनी वेचाव्या तेव्हा किलो भरतो. त्यातही त्या खरकट्याने माखलेल्या असतात, म्हणून उकिरड्यावरच राहतात. जाड पिशवीला वजन असते, ती उचलली जाते आणि दुकानदारालाही ती फुकट वाटणे परवडत नाही. केंद्राच्या नियमांनी ही मर्यादा २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनवर नेली.

२०१८ च्या अधिसूचनेत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद होती. औषधांची वेष्टने वगळली गेली. दुधाची पिशवी परत देणाऱ्याला किमान ५० पैसे मिळावेत, ही त्यातली सर्वांत शहाणी कल्पना. पण ती घरोघर रुजलीच नाही. अंमलबजावणीचा आठवडा उलटतो न उलटतो तोच किराणा दुकानदारांना सवलत देण्यात आली. पथके भाजीवाल्यांच्या हातगाड्यांवर फिरली. पिशवी जिथे तयार होते त्या कारखान्यांवर तेवढाच जोर हवा होता.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली. वेफर्सची पाकिटे व शांपूच्या पुड्या मात्र सुटल्या. अनेक थर चिकटवून केलेल्या या वेष्टनांना भंगारबाजारात भाव नाही. त्यांची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी असल्याचे केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. उत्पादकांच्या खर्चातून अशा पुड्यांचा रास्त मोबदला या वेचकांच्या हाती पडला पाहिजे.