बेळगावच्या प्रयोगशाळांतली खरी चिप

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन्ही गावं बेळगाव शहराला खेटून आहेत. इथल्या मराठी घरांतल्या मुलांना अभियांत्रिकी शिकायला लांब जावं लागत नाही. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय बेळगावात आलं, आणि कर्नाटकातल्या त्याच्या संलग्न महाविद्यालयांत मायक्रोप्रोसेसर कसा शिकवायचा हे इथून ठरू लागलं. या शिकवण्याच्या इतिहासात एक मोठा बदल गाजावाजा न होता झाला. प्रयोगशाळेतून खरी चिप हळूहळू निघून गेली आणि तिच्या जागी तिची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, आला. हा बदल अटळ होता, पण त्यात एक गोष्ट विसरली गेली. एम्युलेटर खरा की खोटा हे अखेर चिपच सांगू शकते, आणि तिला ते विचारायचं तर असेंब्लीतले छोटे चाचणी प्रोग्राम लिहावे लागतात.

इंटेलची ८०८५ ही चिप १९७६ मध्ये आली आणि आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुढची कित्येक वर्षं तिचीच ट्रेनर किट होती. हेक्स की-पॅड, सहा आकड्यांचा डिस्प्ले आणि मधोमध चाळीस पायांची चिप. विद्यार्थी वहीत प्रोग्राम लिहायचा, तक्त्यात पाहून प्रत्येक सूचनेचा कोड काढायचा आणि एकेक बाइट दाबून भरायचा. या किटवर एक अगदी लहान प्रोग्राम चालवून पाहण्यासारखा आहे: ३ई ०१, ०६ ०१, ए०, २७, ७६. म्हणजे ए आणि बी या दोन्ही रजिस्टरांत ०१ भरा, दोघांचं अँड करा, मग दशमान दुरुस्तीची डीएए ही सूचना द्या आणि थांबा. ८०८५ मध्ये अँड केल्यावर ऑक्झिलरी कॅरी फ्लॅग नेहमी १ होतो, म्हणून डीएए ही सूचना ए रजिस्टरात सहा मिळवते आणि उत्तर ०७ येतं. तिच्या आधीच्या ८०८० चिपमध्ये हा फ्लॅग दोन्ही संख्यांच्या (शून्यापासून मोजलेल्या) तिसऱ्या बिटांवरून ठरतो, म्हणून तिथे उत्तर ०१ राहतं. ८०८० साठी लिहिलेला एम्युलेटर ८०८५ च्या नावाने वापरला, तर बाकीचे शंभर प्रोग्राम बरोबर चालतील आणि हा एकच त्याचं बिंग फोडेल.

८०८६ या इंटेलच्याच १६ बिटांच्या चिपच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली. विद्यापीठाच्या २००६ आणि २०१० च्या अभ्यासक्रमांत संगणक शाखेला चौथ्या सत्रात ८०८६ चं प्रात्यक्षिक होतं आणि प्रोग्राम मास्मसारख्या असेंब्लरवर लिहायचे होते. पण ते चालायचे साध्या पीसीवर, आणि त्या पीसीत पेंटियम किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असायचा. पुढे ६४ बिटांचं विंडोज आलं. त्यावर १६ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्स लागला, आणि डॉसबॉक्स हा स्वतःच सूचनांची नक्कल करणारा एम्युलेटर आहे. आता एएक्स रजिस्टरात १ आणि सीएल रजिस्टरात ३३ भरून एएक्समधले बिट सीएलमधल्या आकड्याइतक्या वेळा डावीकडे सरकवा. मूळ ८०८६ खरोखर तेहतीस वेळा सरकवते आणि उत्तर शून्य येतं. ८०२८६ पासून पुढचे प्रोसेसर ३३ मधले फक्त खालचे पाच बिट विचारात घेतात, म्हणून एकदाच सरकवतात आणि उत्तर २ येतं. प्रात्यक्षिकाच्या वहीवर ८०८६ लिहिलेलं असलं, तरी उत्तर तिच्या वारसांचं मिळत होतं.

यावर पहिला आक्षेप असा की कंपनीचं मॅन्युअल असताना चिप कशाला हवी. याला मोठा दाखला आहे. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सहसंस्थापक पॉल ॲलन याने ८०८० च्या मॅन्युअलवरून हार्वर्डच्या पीडीपी-१० या संगणकावर एम्युलेटर लिहिला, आणि त्यावर तयार केलेलं बेसिक अल्बुकर्कीत ८०८० असलेल्या खऱ्या अल्टेअर संगणकावर चाललं. पण ते चाललं हे कळलं ते अल्टेअरवरच. शिवाय मॅन्युअल सगळं सांगतंच असं नाही. ८०८५ च्या २५६ कोडांपैकी १० कोड इंटेलने छापलेच नव्हते, आणि फ्लॅग रजिस्टरातले दोन बिटही. ते १९७९ मध्ये डेनहार्ट आणि सोरेनसन यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात जाहीर केले. त्यांतला एक फ्लॅग ओव्हरफ्लोचा निघाला. अशी माहिती पुस्तकं चाळून मिळत नाही. चिपला एकेक कोड देऊन, रजिस्टरं आणि फ्लॅग आधी काय होते आणि नंतर काय झाले हे पाहूनच ती मिळते.

म्हणून एम्युलेटर तपासणाऱ्यांनी हीच वाट पक्की केली. १९८० मध्ये ८०८० आणि ८०८५ साठी मायक्रोकॉझम असोसिएट्सचा तपासणी प्रोग्राम आला. तो सूचना एकामागून एक पडताळायचा आणि सगळं ठीक असेल तर तसा संदेश दाखवायचा. फ्रँक क्रिंगल यांनी १९९४ मध्ये झेड८० या चिपसाठी जो प्रोग्राम लिहिला, तो प्रत्येक सूचना असंख्य मूल्यांवर चालवतो, सगळ्या निकालांचा मिळून एक सीआरसी हा पडताळणीचा आकडा काढतो आणि खऱ्या चिपवर आलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. तोच पुढे ८०८० आणि ८०८५ साठीही बेतला गेला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंग नुसत्या ड्रॉइंगवरून पास होत नाही, त्याला गेज लावावा लागतो. एम्युलेटरचा गेज म्हणजे खऱ्या चिपवरून काढलेला हा आकडा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चिपच चुकली तर? १९९४ मध्ये गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली आणि त्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. चिप निर्दोष असते असा माझा दावा नाही. पण पेंटियमचा एम्युलेटर लिहायचा, तर तीही चूक त्यात आली पाहिजे की नाही हा निर्णय घ्यावा लागतो, आणि चूक माहीत असल्याशिवाय तो घेता येत नाही. तीही उघड झाली ती प्रत्यक्ष चिपवर आकडे चालवूनच. तिसरा आक्षेप असा की हे सगळं जुनं झालं, आता नवे प्रोसेसर घडतात ते आधी मॉडेल करून, चिप नंतर येते. आयआयटी मुंबईने २०१९ मध्ये पुढे आणलेला ‘अजित’ किंवा आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ घ्या. इथे मॉडेल आधी आणि चिप मागून हे खरं, पण काम तेच राहतं. एकच छोटा प्रोग्राम दोन्हीकडे चालवायचा आणि निकाल जुळतात का ते पाहायचं. हे काम करणारे हात ८०८५ च्या किटवरही तयार होऊ शकतात.

बेळगाव, निपाणी आणि आसपासच्या महाविद्यालयांना म्हणून एक विनंती आहे. जुनी किट भंगारात काढण्याआधी त्यांतलं निदान एक चालू ठेवा. त्यावर चिप कुणाची आहे ते लिहून ठेवा, कारण ८०८५ इंटेलखेरीज एनईसी आणि तोशिबानेही बनवली. मग विद्यार्थ्यांना तेच चाचणी प्रोग्राम किटवर आणि वर्गात वापरल्या जाणाऱ्या एम्युलेटरवर चालवू द्या, आणि जिथे उत्तरं वेगळी येतील तिथे कारण शोधायला लावा.