मोटारीच्या दिव्यांचा इतिहास आणि बल्बची निवड

श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील ह्युंदाईच्या कारखान्यात १९९८ पासून मोटारी तयार होतात. रात्री महामार्गावर मोटार चालवणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: जास्त वॅटचा बल्ब बसवावा का? त्याचे उत्तर दिव्याच्या इतिहासात सापडते.

सुरुवातीच्या मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे असत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचे दिवे आले. प्रकाश वाढला, तसे समोरच्याचे डोळेही दिपू लागले. १९२५ मध्ये ओस्रामने ‘बिलक्स’ बल्बात दोन तंतू बसवले. एक लांबच्या झोतासाठी, दुसरा जवळच्या. जवळच्या तंतूखालची धातूची छोटी वाटी प्रकाश परावर्तकाच्या वरच्या भागावरच पडू देते, म्हणून झोत खाली रस्त्यावर उतरतो. १९७१ च्या ६०/५५ वॅटच्या एच-४ हॅलोजन बल्बनेही हीच युक्ती कायम ठेवली.

आता गणित पाहू. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॅटचा ८.३ अँपिअर. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सुमारे २.८ पट होते. मूळ वायर आणि होल्डर यासाठी बनवलेले नसतात. त्याऐवजी आधी होल्डरपाशी व्होल्टेज मोजावे. ते ५ टक्के घटले, तर हॅलोजनचा प्रकाश सुमारे १५ टक्के घटतो.

हॅलोजनच्या जागी एलईडी बसवताना प्रकाशाचा उगम तंतूच्या नेमक्या जागी नसेल, तर झोत विस्कटतो आणि समोरच्या चालकाला काही दिसेनासे होते. थोडक्यात, प्रकाश किती आहे याइतकेच तो कुठे पडतो हेही महत्त्वाचे.