लिव्हरपासून व्हॅक्यूमपर्यंत : वऱ्हाडातील फोर-व्हील जीप

वऱ्हाडात चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीची गरज मुळात इथल्या जमिनीमुळे निर्माण झाली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सपाट भागात, पूर्णेच्या खोऱ्यात, काळ्या मातीचा थर फार खोल आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मे महिन्यात टणक असलेली पांदण मृगाच्या दोन-तीन पावसांत अशी होते की बंडीचे चाक आऱ्यांपर्यंत रुतते. उत्तरेला गाविलगडच्या डोंगररांगेत, चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत, अडचण वेगळी आहे. तिथे चढ, नाले आणि सुटे काळे दगड वाट अडवतात. बैलांवर वाहतूक होती तोवर पावसाळ्यात प्रवास टाळणे हाच त्यावरचा उपाय होता.

चारही चाकांना ओढ असलेली जीप मुळात युद्धासाठी बनली. अमेरिकी लष्करासाठी १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. महायुद्धानंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. खेड्यापर्यंत ही गाडी नेली ती मुख्यतः सरकारने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गावोगाव दिसू लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्यावर ती सभापतींच्याही दिमतीला आली. वनखात्याच्या कामात जीपला पर्याय नव्हता. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाल्यावर सेमाडोह, कोलकास, हरिसाल या भागांत तिची गरज आणखी वाढली. पुढे परतवाडा-धारणीसारख्या रस्त्यांवर प्रवासी वाहणाऱ्या जीपगाड्या आल्या, पण त्यांपैकी बहुतेकांना ओढ फक्त मागच्या दोन चाकांची असे.

जुन्या जीपमध्ये चालकाच्या हाताशी तीन लिव्हर असत. पहिली गिअरची, दुसरी पुढचा ॲक्सल जोडणारी आणि तिसरी कमी वेगाची, जास्त ओढीची. दुसरी लिव्हर सरकवली की पुढच्या ॲक्सलकडे ओढ पोचवणाऱ्या ट्रान्सफर केसमधले दाते एकमेकांत बसत आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरू लागे. मध्ये लोखंडाखेरीज काही नव्हते. जोडणी झाली नाही तर लिव्हर अडे, दाते वाजत आणि चालकाला ते हाताला कळे. दोष शोधण्याचे निम्मे काम तिथेच संपत असे.

या रचनेत एक तोटा होता. कोरड्या रस्त्यावर मागची दोनच चाके ओढत असली तरी पुढचा ॲक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट विनाकारण फिरत राहत. इंधन जाई, झीज होई. १९४८ मध्ये अमेरिकेत वॉर्न यांनी जीपसाठी हाताने सोडता-बांधता येणारे हब काढले. हब सोडले की चाक मोकळे फिरते आणि आतला ॲक्सल स्थिर राहतो. पण हब पुन्हा बांधायला गाडीतून उतरावे लागते, आणि ती वेळ नेमकी गुडघाभर चिखलात उभे राहण्याची असते. हे उतरणे वाचवण्यासाठी व्हॅक्यूम, म्हणजे हवेच्या कमी दाबाचा जोर, वापरात आला. १९८४ च्या जीप चेरोकीत पुढच्या ॲक्सलचे दोन तुकडे जोडण्याचे काम व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डायफ्रॅमकडे होते. भारतात महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि थार यांच्या फोर-व्हील गाड्यांत व्हॅक्यूमने बांधले जाणारे हब आले. चालकाचे कष्ट कमी झाले खरे, पण हात आणि दाते यांच्यामध्ये आता रबरी नळ्या, झडपा आणि सील आले.

व्हॅक्यूम जीपला अगदीच नवा नव्हता. जुन्या पेट्रोल जीपचा वायपर इंजिनाच्या ओढीवर चाले. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की इनटेकमधला व्हॅक्यूम पडे आणि भर पावसात वायपर मंदावे. डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. त्यात सहसा हवा अडवणारे थ्रॉटल नसते, म्हणून असा व्हॅक्यूम मिळत नाही. ट्रॅक्टरच्या बी-२७५ इंजिनापासून महिंद्राची जीप डिझेलवर गेली. नंतरच्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप आला, तो बहुधा आल्टरनेटरला जोडलेला. ब्रेकचा बूस्टरही त्याच पंपावर चालतो. दोष शोधताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

वऱ्हाडात व्हॅक्यूमची जुनी आणि शिस्तीची विद्या रेल्वेकडे होती. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरामार्गे नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ भारतीय गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर धावल्या. इंजिनावर ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम धरला जाई, आणि गार्डच्या डब्यातल्या गेजवर तो थोडा कमी दिसे. दोन आकड्यांतला फरक वाढला की गळती मधल्या डब्यांत कुठेतरी आहे, हे उघड होई. मग नळ्यांचे सांधे एकेक करून तपासले जात. आधी उगम पाहायचा आणि मग मार्गाचा एकेक टप्पा, हीच शिस्त जीपलाही लागू आहे. एक फरक मात्र मोठा आहे. रेल्वेत व्हॅक्यूम गेला की ब्रेक आपोआप लागे आणि गाडी थांबून दोष जाहीर करी. जीपमध्ये व्हॅक्यूम गेला तर हब नुसता बांधला जात नाही. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही. कळते ते मागची चाके रुतल्यावर.

म्हणून तपासणी घरी, कोरड्या सपाट जागेवर करायची असते. मागच्या चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवावा, इंजिन चालू करून फोर-व्हील लावावे आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. जोडणी पूर्ण असेल तर ते चाक हाताने फिरत नाही. फिरले तर खाली पाहावे. पुढचा प्रोपेलर शाफ्टही सोबत फिरत असेल, तर ट्रान्सफर केसच लागलेली नाही. दोष लिव्हरच्या जोडकामात किंवा विजेवर चालणाऱ्या शिफ्ट मोटरमध्ये आहे. शाफ्ट स्थिर असून चाकामागचा ॲक्सलही स्थिर असेल, तर याच बाजूचा हब सुटलेला आहे. ॲक्सल चाकासोबत फिरत असेल, तर पलीकडचा हब पाहावा.

दोष हबकडे निघाला की व्हॅक्यूमच्या मागे लागावे. पहिला प्रश्न ब्रेकचा. पेडल नेहमीपेक्षा कडक लागत असेल, तर पंप किंवा मुख्य नळी दोषी असण्याची शक्यता जास्त, आणि अशी गाडी दुरुस्तीआधी रस्त्यावर काढू नये. पेडल ठीक असेल तर गळती फोर-व्हीलच्या फाट्यावर असते, किंवा फाटा पुढे व्हॅक्यूम सोडतच नाही. फाट्याची नळी सोडून तिथे गेज लावावा. पुढे एकदिशा झडप, साठवण टाकी आणि सोलेनॉइड येतात. स्विच दाबल्यावर सोलेनॉइडचा टिक् आवाज आला नाही तर आधी फ्यूज, मग वायर आणि त्यानंतर सोलेनॉइड पाहावे. आवाज येतो पण पुढे व्हॅक्यूम पोचत नाही, तर आत चिखल किंवा धूळ अडकलेली असते. नळ्या एकमेकींच्या जागी लावल्या गेल्याचे प्रकारही घडतात. शेवटी हातपंपाने हबला थेट व्हॅक्यूम द्यावा. काटा धरून राहिला पाहिजे. तो पडत असेल तर डायफ्रॅम फाटलेला आहे किंवा स्टिअरिंग नकलमधले सील गेलेले आहेत. काटा टिकतो तरी हब बांधला जात नाही, तेव्हाच आतला गंज, सुकलेले ग्रीस किंवा झिजलेले दाते यांचा संशय घ्यावा. मेकॅनिकने सुरुवातच ॲक्सल उघडून केली तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात, आणि मामुली किमतीच्या नळीचा दोष बऱ्याचदा तसाच राहतो.

या दोषाला वऱ्हाडच्या ऋतुचक्राची जोड आहे. अकोला आणि अमरावतीचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. इंजिनाच्या उष्णतेत आधीच तापलेली रबरी नळी त्यात कडक होते आणि टोकाशी चिरते. सपाट भागात दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत फोर-व्हील लागतच नाही, त्यामुळे ही चीर कोणाच्या लक्षात येत नाही. गरज पडते ती पहिल्या पावसात, पांदणीत. काही जण या कटकटीला कंटाळून व्हॅक्यूम हब काढून हाताने बांधायचे हब बसवतात. मेळघाटसारख्या भागात, जिथे रोजच फोर-व्हील लागते, तो निर्णय योग्यच आहे. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा तरी कच्च्या, सैल मातीच्या वाटेवर थोडे अंतर फोर-व्हील लावून गाडी चालवावी, आणि रबरी नळ्या मृगाच्या आधी, मे महिन्यातच बदलून घ्याव्यात.