लिहिणाऱ्याला कोण देतं?

आज बोलायचं आहे म्हाताऱ्या माणसांच्या आजाराच्या नोंदीविषयी. ही नोंद आता कॉम्प्युटरवर व्हावी म्हणून सरकार पैसे देतं. विषय नवा वाटेल, पण पैसे देऊन नोंद ठेवणं आपल्या पंढरपुरात फार जुनं आहे.

क्षेत्रोपाध्यांच्या घरी जाऊन गाव आणि आडनाव सांगा. जाडजूड वही उघडते आणि तुमचे खापरपणजोबा वारीला आले होते, त्यांची मुलं कोण, हे वाचून दाखवतात. या वह्या टिकल्या त्या नुसत्या भक्तीवर नाही. येणारा यजमान दक्षिणा देत होता आणि यजमान कोणाचा हे वहीवरून ठरत होतं, म्हणून वही जिवापाड जपली गेली. मला यात वावगं काही वाटत नाही. लिहिणं हे कामच आहे. पण वंश बापाकडून मुलाकडे मोजायचा, त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांचा माग त्या वह्यांत काढणं अवघड जातं.

दुसरी जुनी नोंद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल काढायला तुमच्यापैकी कितीतरी जणी तहसीलला गेल्या असतील. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात. पुढे १९६९ च्या कायद्यानं ही नोंदणी देशभर सक्तीची झाली. म्हणजे माणूस आला कधी आणि गेला कधी, हे सरकारी कागदावर आलं. मधल्या साठ-सत्तर वर्षांत त्याला काय झालं होतं, कोणती गोळी चालू होती, ते कुठेच नाही.

हे बदललं ते आधी बाळंतिणीसाठी. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, आणि दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाला मोबदला मिळू लागला. २००९ पासून गरोदर बाईचं आणि बाळाचं नाव कॉम्प्युटरवर चढू लागलं. लस चुकली तर शोधत येतात, हे आपण पाहतोच. त्याच घरातल्या सासूबाईंची बीपीची गोळी महिनाभर चुकली तर कोण शोधत येतं?

नंतर तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर, कॅन्सरची तपासणी सुरू झाली. त्यासाठी आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. एका फॉर्मचा मोबदला दहा रुपये ठरला. वस्तीवर चालत जायचं, म्हाताऱ्या माणसाला जोरात बोलून विचारायचं, ते सगळं दहा रुपयांत!

मग २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. चौदा आकडी आभा नंबर आला. पण नंबर काढला म्हणजे त्यात कागद आपोआप जात नाहीत, डॉक्टरांनी ते चढवावे लागतात. त्यांनी ते करावं म्हणून १ जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन योजना लागू झाली. दहा किंवा जास्त खाटांची रुग्णालये, लॅब आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यासाठी ती होती. ठरलेल्या संख्येच्या वर गेलेल्या नोंदींवर पैसे आणि एकूण मर्यादा चार कोटी रुपये. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण सहा खाटांचं, म्हणजे खाटांच्या या हिशेबात ते बसत नाही. वृद्धाश्रम त्या यादीत नव्हते. आणि घरातल्या पडवीत बाजेवर पडून असलेल्या आजीची बाज तर कोणी खाट म्हणून मोजतच नाही.

अमेरिकेतही असंच घडलं. तिथे २००९ च्या कायद्यानं डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना अशा नोंदींसाठी अब्जावधी डॉलर दिले. हॉस्पिटलं काही वर्षांत कागदावरून कॉम्प्युटरवर गेली. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी केंद्रं मात्र त्या पैशांतून वगळली होती, आणि ती मागे राहिली. जिथे पैसा गेला, तिथेच नोंद झाली.

आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. उमेदच्या पंचसूत्रीत नियमित हिशेब लिहिणं आहेच. ज्या गटात दप्तर लिहिणारीला मानधन वेळेवर मिळतं तिथलं दप्तर चोख असतं. जिथे "तूच लिही गं, तू शिकलेली" म्हणून काम गळ्यात मारलं जातं, तिथे चार-चार महिने पानं कोरी.

आणखी एक अडचण आहे. आभातली नोंद दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची तर आजीची परवानगी लागते, आणि ती बहुतेक वेळा मोबाईलवर ओटीपी घेऊन दिली जाते. घरात मोबाईल असतो मुलाचा, आणि मुलगा पुण्याला. म्हणजे आजार आजीचा आणि परवानगी मुलाची. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात. तेव्हा ही म्हातारी माणसं आता दवाखान्यात जास्त जाणार, आणि डॉक्टर विचारणार, आधीचे कागद कुठे आहेत?

म्हणून ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत दोन विषय घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आभा नंबर कोणाच्या मोबाईलला जोडला आहे ते विचारा. आणि आशाताईंच्या फॉर्मचा मोबदला वाढवून मागायचा ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि ग्रामसभेत द्या. ठरावाची एक प्रत दप्तरात ठेवा.