सहा तासांची अटक

रस्त्यानें जाणाऱ्या मनुष्याच्या खांद्यावर पोलिसानें हात ठेवला आणि "चला चौकीवर" असें म्हटलें, तर "कां?" एवढें विचारण्याचा त्याला हक्क आहे कीं नाहीं? प्रश्न साधा दिसतो. पण इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायासनानें त्याचें निःसंदिग्ध उत्तर दिलें तें १९४७ सालीं. देशाच्या कायद्यावांचून कोणाही स्वतंत्र मनुष्यास पकडणार नाहीं, असें वचन इंग्लंडच्या राजानें १२१५ च्या मॅग्ना चार्टांत दिलें होतें. परंतु वचन आणि त्याचा अंमल यांत अंतर असतें. हें अंतर कसें कापलें गेलें, तें आज थोडक्यांत पाहूं.

२३ एप्रिल १७६३ रोजीं 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राचा ४५ वा अंक निघाला. राजाच्या पार्लमेंटमधील भाषणावर जॉन विल्क्स यानें त्यांत कडक टीका केली होती. लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्यानें वॉरंट काढलें. पण त्यांत गुन्हेगार म्हणून कोणाचेंच नांव नव्हतें. अंकाचे लेखक, मुद्रक व प्रकाशक जे कोणी असतील त्यांना धरावें आणि त्यांचे कागदपत्र जप्त करावे, एवढाच हुकूम. अर्थात् अपराधी कोण, हें ठरविण्याचें काम न्यायाधीशाकडून निघून राजाच्या जासुदांच्या हातीं गेलें. त्यांनीं ४९ माणसें पकडलीं. एका मुद्रकास तर रात्रीं अंथरुणांतून उठवून नेलें; आणि तो अंक त्यानें छापलेलाच नव्हता!

या ४९ जणांत विल्यम हकल नांवाचा छापखान्यांतील एक कारागीर होता. त्याची मजुरी आठवड्यास एक गिनी. त्याला सुमारें सहा तास अडकवून ठेवलें; वागणूक मात्र चांगली दिली, बीफ-स्टेक आणि बीअर देऊन त्याचा पाहुणचारही केला. हकलनें दावा लावला आणि ज्यूरीनें त्यास ३०० पौंड भरपाई देवविली. म्हणजे पांच वर्षांच्या मजुरीहूनही अधिक! रक्कम अवाजवी आहे, ही प्रतिवादीची तक्रार मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनीं फेटाळली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: केवळ हकलच्या अंगास झालेल्या उपद्रवाचा हिशेब केला तर वीस पौंड पुरेसे झाले असते, पण बिननांवाच्या वॉरंटानें मनुष्याच्या घरांत शिरणें हा साऱ्या प्रजेच्या स्वातंत्र्यावर घाला होय, आणि ज्यूरीनें मोल लावलें तें त्या स्वातंत्र्याचें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दावा राजावर नव्हता, प्रत्यक्ष पकडणाऱ्यांवर होता. "मंत्र्याचा हुकूम होता" ही ढाल त्यांच्या कामीं आली नाहीं. हुकूमच बेकायदा असेल, तर तो बजावणारा अधिकारी इतर कोणाही नागरिकाप्रमाणें जबाबदार ठरतो. १७६५ मध्यें एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन या खटल्यांत त्याच न्यायाधीशांनीं (ते आतां लॉर्ड कॅम्डन झाले होते) राज्याची निकड हेंही समर्थन अमान्य केलें.

१८२९ मध्यें रॉबर्ट पील यांनीं लंडनचें पोलिसदल उभारलें आणि जासुदांच्या जागीं गणवेषधारी शिपाई आला. वॉरंटावांचून अटक करावयाची, तर संशयास वाजवी कारण पाहिजे. पण कारण वाजवी आहे, हें ठरविणार कोण? दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन या खटल्यांत हा प्रश्न आला. गृहमंत्र्यानें एका मनुष्यास चौकशीवांचून स्थानबद्ध केलें होतें. मंत्र्यास कारण वाजवी वाटलें एवढें पुरे, असें लॉर्डांच्या सभेंतील चार न्यायाधीश म्हणाले. एकटे लॉर्ड ॲटकिन विरुद्ध गेले. कारण असणें आणि कारण आहेसें वाटणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्यांचा आग्रह. बहुमताची चूक झाली होती, असें लॉर्ड डिप्लॉक यांनीं त्याच सभेंत सांगितलें, पण तें १९७९ मध्यें! स्थानबद्धांच्या दृष्टीनें तें सांगणें फार उशिराचें होतें.

१९४७ चा निकाल मात्र वेळेवर आला. १९४२ मध्यें लिव्हरपूलच्या पोलिसांनीं लीचिन्स्की नांवाच्या व्यापाऱ्यास धरलें. कापडाचा गठ्ठा चोरीचा असावा, हा पोलिसांच्या मनांतील संशय. पण तोंडानें सांगितला तो शहराचा एक स्थानिक कायदा, ज्यान्वयें त्या प्रसंगीं वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकारच नव्हता. पुढें कोर्टांत ते म्हणाले, मनांत चोरीचा संशय होता, तेवढा पुरे. व्हायकाउंट सायमन व त्यांचे सहकारी यांनीं तें मानलें नाहीं. पकडलेल्या मनुष्यास खरें कारण कळलेंच पाहिजे. कारण कळलें तरच गैरसमज असल्यास तो दूर करूं शकेल. कायद्याची परिभाषा वापरण्याची गरज नाहीं, साध्या शब्दांत सांगितलें तरी चालेल. मात्र मनुष्य रंगे हात सांपडला, किंवा त्यानें झटापट करून सांगणेंच अशक्य केलें, तर गोष्ट निराळी.

१९८४ च्या कायद्यानें हा नियम कलमबद्ध केला, आणि कारण उघड दिसत असलें तरी पोलिसानें तें सांगितलेंच पाहिजे, असें ठरविलें. आरोप न ठेवतां कोठडींत ठेवण्याची मुदत साधारणतः २४ तास. गंभीर गुन्ह्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यास ती ३६ तासांपर्यंत, आणि मॅजिस्ट्रेटच्या कोर्टास ९६ तासांपर्यंत वाढवितां येते. दहशतवादाच्या संशयितांसाठीं कायदा वेगळा आहे.

आपल्या १९५० च्या घटनेंतील २२ व्या कलमांतही अटकेचें कारण सांगण्याचा आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याचा दंडक आहे. आणि त्याच कलमांत प्रतिबंधक स्थानबद्धतेस वाटही ठेवलेली आहे. तेव्हां ॲटकिन यांचा प्रश्न इंग्लंडपुरताच राहिलेला नाहीं. आणि हकलनेंही त्या दिवशीं पाहुणचारावर समाधान मानून घरचा रस्ता धरला असता, तर हा निवाडा त्याच्या नांवावर लागला नसता.