दूरस्थ मानसिक आरोग्यसेवा : हैदराबादमधील स्थलांतरित विद्यार्थी

फोन, व्हिडिओ किंवा ॲपद्वारे शाळकरी मुलांना समुपदेशन व गरजेनुसार मानसोपचार मिळवून देण्याची पद्धत. परदेशातून वा परप्रांतातून आलेल्या मुलाची भाषा जाणणारा समुपदेशक शाळेत क्वचितच असतो. ही उणीव दूरस्थ सेवा काही अंशी भरून काढते.

गरज : हैदराबादच्या बाळापूर, शाहीननगर भागांत म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत. ओडिशातील बलांगीर, नुआपाडा जिल्ह्यांतली कुटुंबे हंगामात शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर येतात. विस्थापनाचा आघात, मध्येच तुटलेले शिक्षण आणि कागदपत्रांची टांगती तलवार यांचा ताण मुलांवर पडतो. तो पोटदुखी, निद्रानाश, चिडचिड अशा रूपांत दिसतो. मूल वर्गात गप्प राहिले, तर ती भाषेची अडचण समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो.

यंत्रणा : केंद्रीय शिक्षण खात्याने २१ जुलै २०२० रोजी विद्यार्थी, पालक व शिक्षकांसाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा आली. बंगळूरची निम्हान्स ही तिची शिखर संस्था. पहिल्या स्तरावर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात, दुसऱ्या स्तरावर तज्ज्ञांकडे पाठवणी होते. हैदराबाद-सिकंदराबादेत ‘रोशनी’ ही स्वयंसेवी मदतवाहिनीही काम करते.

कायदा : १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. मात्र मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम १८ सेवेचा हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ देते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसीन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णाने डॉक्टरचा दूरस्थ सल्ला घेताना सोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते आणि तिची ओळख पटवावी लागते. आईवडील दिवसभर मजुरीवर असलेल्या घरांत ही अट सहज पुरी होत नाही.

मर्यादा : टेलि-मानस २० भाषांत चालते. मराठी व ओडिया त्यांत आहेत, रोहिंग्या नाही. त्या मुलांना शाळेत शिकलेल्या भाषेतच मन मोकळे करावे लागते. अशा वेळी भावंडाला किंवा वर्गमित्राला दुभाषा केल्यास गुप्तता राहत नाही. घरात एकच फोन आणि एकच खोली असली, की एकांतही मिळत नाही. म्हणून शाळेने बंद दाराची खोली, ठरलेली वेळ आणि मुलाच्या विश्वासातला एक शिक्षक एवढी सोय केली, तरच ही सेवा मुलापर्यंत पोहोचते. हंगाम संपून कुटुंब गावी परतले, तरी टेलि-मानसचा तोच क्रमांक तिथेही चालतो. स्थलांतरितांसाठी हा मोठा फायदा होय. आत्महत्येचा विचार, हिंसा किंवा तीव्र आजार असल्यास मात्र प्रत्यक्ष उपचारच हवेत. त्यासाठी शहरात एर्रागड्डा येथे शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो.