उंडेल तेल त्वचेला लावताय? आधी हे वाचा

किहीम : रायगडच्या किनाऱ्यावर वाळूत, खाऱ्या वाऱ्यात वाढणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे उंडी. संस्कृतात पुन्नाग, शास्त्रीय नाव कॅलोफायलम इनोफायलम. तिच्या बियांचं तेल म्हणजे उंडेल. पूर्वी कोकणात ते दिव्यात जळायचं, खरजेवर आणि दुखऱ्या सांध्यांवर लावलं जायचं. आता तेच तेल 'तमानू ऑइल' या ताहितीकडच्या नावाने छोट्या बाटलीत, भारी किमतीला मिळतं.

ओल्या गरातून तेल फारसं निघत नाही. गर काही आठवडे वाळवावा लागतो, तो तपकिरी झाला की घाण्यावर घालतात. तेल दाट, हिरवट आणि उग्र वासाचं असतं. पाण्यासारखं पातळ, बिनवासाचं 'शुद्ध तमानू' कोणी देत असेल तर ते बहुधा शुद्ध केलेलं किंवा भेसळीचं, हे समजून घ्यावं.

यात खोबरेलासारखी नुसती चरबी नाही, राळेचा अंशही असतो. त्यातल्या कॅलोफायलोलाइडसारख्या घटकांचा सूज आणि जंतूंवर परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. माणसांवरच्या चाचण्या मात्र मोजक्याच. त्यामुळे भेगाळलेल्या टाचा, कोरडी त्वचा यासाठी ठीक. 'डाग आठ दिवसांत गायब' ही जाहिरात झाली.

राळेमुळेच काहींना खाज, पुरळ, लाली येते. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस बघावं. चेहऱ्याला लावायचंच तर दुसऱ्या सौम्य तेलात मिसळून थोडंसं. डोळ्यांत जाऊ देऊ नये, तान्ह्या बाळाला लावू नये. आणि हे तेल खायचं नाही, फोडणीच्या बाटल्यांशेजारी तर ठेवूच नये. झाडाचा चीकही विषारी असतो, मुलांना सांगून ठेवावं.

खरा धोका वेगळाच आहे. पावसाळ्यात गजकर्ण पसरतं आणि घरोघरी महिना-महिना तेल चोळलं जातं, तोवर ते घरातल्या इतरांनाही होतं. त्याहून गंभीर म्हणजे फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर कुठलंच तेल चोळत बसू नये, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, वेळेत सुरू केली तर रोग पूर्ण बरा होतो.

विकतच्या बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत बघावी. घरचं तेल गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून लांब ठेवावं. खवट वास आला तर त्वचेला लावू नये.